एकही उशी लागत नाही

मी एका सलूनमधली खुर्ची बोलतेय. दमलेय, म्हणून सावकाश बोलते. तुम्हीही टेकून ऐका.

कारखान्यात माझ्या पाठीला पाच खाचांचा खटका बसवला. पहिल्या खाचेत मी ताठ, पाचवीत बरीच मागे कललेली. पूर्ण आडवी मी कधीच होत नाही. त्यावरून मालकाने मला घेतानाच नाक मुरडलं होतं.

वीस वर्षं मी गिऱ्हाइकं सांभाळली. मानेला कापड गुंडाळलं की माणसाला बोलायचा जोर चढतो. ज्याच्या डोक्यावर चार केस, त्याच्या सूचना चाळीस. मालक सगळ्यांना "हो हो" म्हणायचा आणि आपल्या मनासारखंच कापायचा. स्वतः मात्र माझ्यावर कधी बसला नाही. दिवसभर उभा.

मग त्याचं हृदय थकलं. अंगात पाणी साठायला लागलं. गोळ्या आल्या, मीठ गेलं, प्यायचं पाणीही मोजून. घरी आडवं झालं की त्याचा जीव घुसमटायचा आणि तो धडपडून उठायचा. बायकोची शिलाईच्या कारखान्यात पहाटेची पाळी. तिची झोप मोडू नये म्हणून हा गुपचूप बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसायचा. ती उठायच्या आत परत अंथरुणात.

ती झोप तो दुपारी माझ्यावर भरून काढू लागला. शटर अर्धं खाली, खटका तिसऱ्या खाचेत, की लागला घोरायला. आधी नुसती डुलकी होती, मग दोन-दोन तास झाले. शेजारच्या खुर्चीवर काम करणारा त्याचा मेव्हणा चेष्टा करायचा, "भाऊजी, गिऱ्हाइकापेक्षा तुम्हीच जास्त बसता."

"वय झालं रे," एवढंच मालक म्हणायचा.

एकदा बायकोबरोबर तपासणीला जाऊन आला तो खुशीत. मेव्हण्याला म्हणाला, "डॉक्टरांनी विचारलं, झोपताना किती उशा लागतात? मी म्हटलं, एकही नाही! म्हणाले, छान, गोळी आहे तीच चालू ठेवा."

तो खोटं बोलला नव्हता. माझ्यावर उशी कुठे लागते? पण जितक्या उशा जास्त तितकं दुखणं जास्त, असं डॉक्टर उशा मोजून त्याचा आजार मोजत होते, आणि हा माणूस मला मोजायलाच विसरला. माणसांना ऐकू जाईल असं तोंड मला असतं तर तेव्हाच ओरडले असते.

त्याचे पाय सुजले. बूट चढेनात. एका डोक्याचे केस कापून होईतो तो तीनदा टेकायला लागला.

एका दुपारी बायकोची पाळी लवकर सुटली. ती शटरखालून वाकून आत आली आणि थबकली. हा माझ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेला.

"कधीपासून?" तिने भावाला हळूच विचारलं.

"रोजच की. ताई, मला वाटलं तुला माहीत असेल."

मालक दचकून जागा झाला. ती म्हणाली, "अहो, घरी आडवं होता येत नाही का तुम्हाला?"

"होतो ना."

"खरं सांगा."

त्याने सुजलेले पाय खाली सोडले. "नाही गं. बुडाल्यासारखं होतं."

"आणि डॉक्टरांना एकही उशी नको म्हणालात! मी शेजारी बसून मान हलवली हो!" ती रडली, पण चिडूनच. "माझी झोप राखता राखता मला जन्मभर जागं ठेवणार होतात का?"

तशीच ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. मेव्हणा सांगत होता, ताईने दारातूनच सांगितलं, "उशी नाही, यांना खुर्ची लागते." डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. चार दिवस ठेवून घेतलं, औषध बदललं. पाणी काढणारी गोळी सकाळीच घ्यायची, दुपारची झोप घड्याळ लावून अर्धा तास, डोकं कायम उंच.

मग माझे बोल्ट काढले आणि चौघांनी मला उचलून त्याच्या घरी नेलं. आता मी त्यांच्या पलंगाशेजारी असते. डॉक्टरांना आता उशा नाही, खाचा सांगतात. चौथीत झोपला तर बरा दिवस, तिसरीत आला तर काळजी. ती कॅलेंडरवर आकडा लिहिते. तो बरा होणार नाही हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. माझेही सांधे कुरकुरतात.

आज सकाळी तिने विचारलं, "कितवी?"

"चौथी," तो म्हणाला.

तिने माझ्या पाठीमागे हात घालून खाच चाचपली. भांडली नाही. चपला घातल्या, त्याच्या पायापाशी त्याच्या ठेवल्या आणि म्हणाली, "चला."

ते दोघं दवाखान्यात गेलेत. तुमच्या घरी कुणी बसल्या बसल्या झोपत असेल तर त्याला हसू नका. जवळ जाऊन विचारा, आडवं होता येतं का? आणि पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

मी खूप दमलेय. तरी तो येईपर्यंत पाठ तिसऱ्या खाचेतच धरून ठेवते.