सरळ झालेली मोटर

नईमभाऊ बोटीच्या मोटरचे दोन कार्बोरेटर जुळवत होता आणि माझ्या लसीच्या डब्यातला बर्फ वितळत होता. नदीपलीकडच्या गावात गोवर शिरला होता. ज्या लेकरांना अजून झाला नव्हता, त्यांना आज टोचायचं होतं. बर्फ संपला की ती लस नाही, नुसतं पाणी. भामरागडात नर्स म्हणून बरेच पावसाळे काढल्यावर माझी जीभही तिखट झाली होती.

"तिकडं लेकरं फणफणून राह्यले अन् तुमी पेच पिळून राह्यले, भाऊ."

"एक झडप आंधी उघडते, दुसरी मांगून. म्हणून झटके मारते," तो मान वर न करता म्हणाला. "धारेत बंद पडली तं?"

मागच्या फेरीत ती धारेतच बंद पडली होती आणि आम्ही वाहत गेलो होतो. भीती मलाही होती. पण डब्याचं झाकण उघडून बघायची त्याहून जास्त होती.

नईमभाऊ मूळचा चंद्रपूरचा, मोटारसायकलींचा मिस्त्री. पेच जरासा फिरवायचा, कान लावायचा, पुन्हा फिरवायचा. मी घाटावर येरझारा घालत नुसती धुसफुसत होते. शेवटी दोन्ही झडपा एकदम उघडू लागल्या आणि ती खोकणारी मोटर शिलाई मशीनसारखी चालली. नावाडी लालसूनं बोट धारेत घातली. एकदाही अडखळली नाही. मी शाबासकी दिली तेव्हा नईमभाऊ लाजला.

पलीकडचा घाट रिकामा होता.

एरवी बोटीची फटफट कानावर पडली की बाया लेकरं काखेत मारून घाटावर हजर. वेगळी दवंडी कधी लागलीच नाही. आज चुलीवर आंबील उकळत होती आणि घरात चिटपाखरू नव्हतं. लालसूनं माडिया बोलीत हाका मारल्या तेव्हा म्हातारी सोनीबाई तेवढी घराआडून आली. तिचं बोलणं त्यानं मला सांगितलं.

"हा आवाज आपल्या बोटीचा नाई म्हणते. बंदूकवाले आले समजून सारे जंगलात पळाले."

तापलेली लेकरं घेऊन, अशा पावसात. मला रडूच कोसळलं.

नईमभाऊ बोटीत गेला. पेचकस काढला आणि सकाळपासून जुळवलेली मोटर स्वतःच्या हातानं बिघडवली. ती पुन्हा खोकू लागली, झटके मारू लागली.

बऱ्याच वेळानं झाडीतून गावातली बुधरी आली, पाठीला लेकरू बांधून. मग दुसरी, मग घोळकाच. मी डब्याचं झाकण उघडलं, लस थंड होती. मी टोचत गेले.

निघायची वेळ झाली तरी दोन घरची माणसं परतली नव्हती. पाणी चढत होतं, थांबता येत नव्हतं.

"आता तरी नीट करा, भाऊ. धार पाहा."

"नाई, बाई. आवाज बदलला तं जंगलातले अजून आत जातील. बिमार लेकरं हायेत त्यायच्याजवळ."

मी डबा उचलून बोटीत चढले. लालसूनं दोन्ही वल्ही काढून हाताशी ठेवली आणि आम्ही निघालो.