सगळं पुसून दे

“लॅपटॉप बंद करायचा नाही ताई, नुसतं झाकण लावायचं. बाकी माझ्यावर सोडा.”

बाजीरावचं हे वाक्य राजेश्वरीबाईंना आता भांडी विसळताना ऐकू यायचं, जपाची माळ ओढताना ऐकू यायचं. सांगतानाचा त्याचा आवाज किती आर्जवी होता! कान्हे फाट्यावर त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. राजेश्वरीबाई घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे अर्ज टाइप करून देत, दाखल्यांचे फॉर्म भरत. लॅपटॉप अडला की बाजीराव दुकानात बसल्या बसल्या इंटरनेटवरून आत शिरायचा आणि दुरुस्त करून द्यायचा. आत येण्याआधी पडद्यावर परवानगीची चौकट यायची, बाईंनी ‘हो’ दाबायचं.

अडचण एकच होती. बाईंचं पहाटेच्या आंघोळीपासून नैवेद्य होईपर्यंत मौन. बावीस वर्षांचा नेम. त्या वेळात त्या फोन घेत नसत, यंत्राला हात लावत नसत. बाजीरावला मात्र सकाळचीच सवड असायची.

“मौनात तुम्हाला विचारू कसा? त्यापेक्षा न विचारता येता येईल असं करून ठेवतो. तुमचा नेमही मोडायला नको.”

नेमाची एवढी काळजी घेणारा माणूस बघून बाईंना भरून आलं होतं. त्या दिवशी त्यांनी त्याला प्रसादाचा शिरा डबाभर दिला होता.

पुढं आषाढात हिरा आली. हिराचं माहेर अंदर मावळात, सासर शिरगावात. वडील गेल्यावर भावांनी सातबाऱ्यावरून तिचं नाव वगळायचं चालवलं होतं. डोंगराकडेची जमीन बंगल्यांसाठी मागायला एजंट येऊन बसला होता. तलाठ्याकडे हरकत द्यायला पंधरा दिवस होते. हिरानं दार लावून घेतलं, पदर तोंडाशी धरला आणि सांगत गेली. बाई टाइप करत गेल्या.

“लिव, राजूताई. सा वर्सं झाली, भाऊबीजेला मला कुनी बोलावलं न्हाई. आयचं समदं म्या केलं, ह्ये बी लिव.”

“ते अर्जात बसत नाही गं हिरा.”

“नसंना का बसत. लिव तू. माज्या जिवाला बरं वाटंल.”

बाईंनी लिहिलं. कुणाला सांगणार नाही, अशी देवाची शपथही घेतली. अर्ज देण्याआधीच्या गुरुवारी हिराचे दोघे भाऊ शिरगावात हजर. इथल्या साईबाबांच्या देवळात दर्शन घेऊन आलो म्हणाले. हातात साडी. थोरला उंबऱ्यातच रडला, “सहा वर्षं तुला भाऊबीजेला बोलावलं नाही आक्का. आईचं सगळं तू केलंस. आम्ही माणसं न्हाई, जनावरं.”

हिरा विरघळली. देवानंच बुद्धी दिली म्हणाली. पुरणपोळी झाली, आणि दोन दिवसांनी आईच्या नावाचे कागद करायचेत म्हणून भावांच्या गाडीत बसून ती वडगावला गेली. तिनं सही केली तो कागद हिस्सा सोडल्याचा होता. पुढं भावांचे फोन बंद झाले, तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. भाऊबीजेचं, आईचं, ती दोन वाक्यं जशीच्या तशी भावांच्या तोंडात कुठून आली? ती तर तिनं एकाच ठिकाणी बोलून दाखवली होती.

शिरगावच्या बाजारात चारचौघांत ती म्हणाली, “सकाळी तोंडाला कुलूप, दुपारी गावभर दवंडी. असलं ह्यांचं मौन.”

बाईंना ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी अन्न सोडलं नाही, रडल्याही नाहीत. आपल्या तोंडून गेलं नाही, मग उरला लॅपटॉप; तो पिशवीत घातला आणि लोणावळ्याची लोकल धरली.

लोणावळ्यात तन्वीरचं दुकान. चिक्कीच्या दोन दुकानांच्या मध्ये एक शटर, तेही अर्धंच. तळेगावच्या कंपनीत बारा वर्षं सर्व्हर सांभाळून आता स्वतःचं काम करणारा हा चाळिशीचा माणूस. त्याची आई अजीजुन्निसा बाईंची शाळेतली मैत्रीण. त्यानं लॅपटॉप उघडला, इकडं तिकडं पाहिलं आणि पडदा बाईंकडे वळवला.

“काकू, हा प्रोग्राम लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होतो. पासवर्ड कायमचा ठरवलेला. आत कोण कधी आलं त्याची ही यादी बघा.”

यादी लांबलचक होती. सगळ्या नोंदी सकाळी सहा ते आठमधल्या. ज्या वेळात त्या देवासमोर डोळे मिटून बसत, त्याच. एजंट बाजीरावचा साडू आहे, हे त्यांना तिथं, त्या स्टुलावर बसल्यावर आठवलं.

“आता काय करू शकतोस?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“तीन रस्ते आहेत. विंडोज नव्यानं टाकतो, खरी, चोरीची नाही. किंवा विंडोजच्या जागी साधं लिनक्स, फुकटची सिस्टिम, त्यात सगळं चित्रांसकट मिळतं. तिसरी मी घरी वापरतो ती सिस्टिम, ओपनबीएसडी. पण ते तुम्हाला रुक्ष वाटेल.”

“रुक्ष म्हणजे?”

“उघडल्यावर काही चमकत नाही. जे लागेल ते मागून घ्यायचं. सुरुवातीला सगळी दारं बंद असतात, हवं ते आपण उघडायचं. ब्लूटूथ तर नाहीच, काढून टाकलंय त्यांनी.”

“का बरं?”

“ते नीट सांभाळलं जात नव्हतं म्हणे.”

“मग बरोबर केलं.” बाई जरा सावरून बसल्या. “आणखी सांग.”

“प्रोग्राम सुरू होताना सांगून ठेवतो, मी एवढंच करीन. त्यापलीकडे हात घातला तर सिस्टिम त्याला तिथल्या तिथं मारते. ब्राउझरला डाउनलोडचं कपाट तेवढं दिसतं, तुमचे बाकीचे कागद नाहीत. आणि लॅपटॉप सुरू करताना एक परवलीचं वाक्य टाकायचं. ते विसरलात तर मीसुद्धा काही करू शकत नाही.”

“आधी संकल्प सांगून मग पूजेला बसायचं, तसं.”

“तसंच. हे त्यांचं चिन्ह.” त्यानं पडद्यावर फुगलेला काटेरी मासा दाखवला. “घाबरू नका, खायचा नाहीये.”

“मासा तर पहिला अवतार रे,” बाई म्हणाल्या, आणि बाजारातलं बोलणं कळल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या ओठाचा कोपरा हलला.

“पण काकू, तुमचं आधारसाठीचं बोटाच्या ठशांचं मशीन ह्याच्यावर चालणार नाही. निम्मी गिऱ्हाइकं जातील.”

“जाऊ देत.”

“आणि डिस्क कोरी होईल. जुनं सगळं जाईल. चालेल ना?”

“सगळं पुसून दे.”

“काहीच ठेवायचं नाही? नक्की?”

“त्या माणसाची सावलीसुद्धा नको आत. पुस.”

सुतक फिटल्यावर घर धुवावं, तशा भावनेनं त्या पडद्याकडे बघत बसल्या. काळ्यावर पांढरी अक्षरं सरकत होती. प्रश्न येई, तन्वीर एंटर दाबी. बाईंच्या जिवाला थंडावा मिळत होता.

घरी हनुमंतराव, त्यांचे यजमान, नव्या पडद्याकडे बघून म्हणाले, “हे काय, शाळेची पाटी?” खरंच गिऱ्हाइकं गेली. बाजीरावच्या दुकानात ठशांचं मशीन होतंच. पण सकाळी लॅपटॉप खरोखर बंद असायचा, आणि बाई जपाला बसायच्या तेव्हा पाठीमागं कुणी उभं नाही याची खात्री वाटायची. या समाधानात पंधरवडा गेला. मग त्यांनी धीर केला आणि हिराला सगळं सांगायला शिरगावला गेल्या.

हिरा ओट्यावर शेंगा फोडत होती. बस म्हणाली नाही. बाईंनी उभ्यानंच सांगितलं. बाजीराव, कायमचा पासवर्ड, सकाळची यादी, नवी सिस्टिम.

“मंजी तू बोलली न्हाईस.”

“नाही.”

“पर दार तूच उगडं ठिवलंस.”

“हो.”

हिरानं सूप बाजूला सारलं. आवाज एकदम बदलला. “आगं, मग ती यादी दाव की! वडगावची वकीलबाई त्येच इचारतीया. भावांना माज्या मनातलं आदीच कसं कळलं त्ये दाव, मंजी फसवणूक उबी राहती, कागद मोडता यील. कुटं हाय यादी?”

“पुसली,” त्या म्हणाल्या.

“कुनी?”

“मीच सांगितलं. सगळं पुसून दे म्हणून.”

हिरा आधी हसली, मग म्हणाली, “तुजं देवघर लख झालं, राजूताई. माजं रान गेलं.”

ओट्यावरूनच बाईंनी तन्वीरला फोन लावला. “मी दोनदा विचारलं होतं काकू,” तो म्हणाला. साक्षीला येशील का, म्हटल्यावर तिकडं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “बाजीरावच्या साडूचे बंगले आहेत इथं, त्यांचे कॅमेरे मीच लावतो. मला यात ओढू नका.”

फोन ठेवल्यावर दोघी शेजारी शेजारी होत्या, पण एकमेकींकडे बघत नव्हत्या.

“पुरावा गेला,” बाई म्हणाल्या. “मी उरले. वकीलबाईंसमोर शपथेवर सांगते, दार मी उघडं ठेवलं, आत कोण आलं त्याची यादी मी पाहिली.”

“समद्यांम्होरं? बाजीराव तुज्यावरच केस घालंल. लोक थुकतील.”

“थुंकू देत.”

“आन कोर्टानं न्हाई इस्वास ठिवला तर?”

हिरानं पुन्हा शेंगा हातात घेतल्या. “मंगळवारी, अकरा वाजता. यायचं असंल तर ये. न्हाई आलीस तर फुडं कुटं भेटलीस तरी वळख दावू नगंस.”

“येईन.”

मंगळवारी हनुमंतरावांनी चहा अर्धा ठेवला. “बाजीरावचा काल फोन आला होता. वडगावचं त्याच्या कानावर गेलंय, गप्प बसायला ताई काय घेतील म्हणून विचारत होता. तू गेलीस तर या गावात आपलं काही राहत नाही, कळतंय ना? बरं, हिरा तरी तुला माफ करणार आहे का?”

“नाही करायची,” राजेश्वरीबाई म्हणाल्या. त्यांनी आधार कार्ड पाकिटात ठेवलं, पदर खांद्यावरून घेतला, आणि कुणालाही न विचारता वडगावची गाडी धरायला त्या फाट्याच्या दिशेनं चालू लागल्या.