वाटेवरचा खडक

केमिस्ट साहेबांनी परातीतल्या ओल्या वाळूवर लोखंडी वजन ठेवलं आणि परात गदागदा हलवली. घट्ट दिसणाऱ्या वाळूचं बघता बघता भज्याचं पीठ झालं आणि वजन आत गडप झालं. पिंपरीतल्या औषध कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रविवारी जमलेल्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. बाटल्या धुणाऱ्या शालनबाईचे हात मात्र मांडीवरच राहिले.

व्याख्यान होतं समुद्रात नाहीशा झालेल्या बोटींवर. भुतंखेतं, बोटी गिळणारी बेटं, सगळं झूट, असं साहेब सांगत होते. खनिजाची बारीक माती ओली असताना भरली, की लाटांच्या हिसक्यांनी ती अशीच पातळ होते, एका अंगाला धावते आणि बोट कलंडते. मदतीची हाक मारायलाही सवड मिळत नाही.

शालनबाईचा नवरा दौलत अशाच बोटीवर खलाशी होता. मँगनीजची माती भरून ती कोकणातल्या बंदरातून निघाली आणि कुठेच लागली नाही. अशा बेपत्ता माणसाचा बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. मग बायको विधवा, आणि त्यांच्यात विधवेचा पाट लागत असे. कारखान्यातल्या सोपानरावांनी तसं विचारलंही होतं. तिलाही ते हवं होतं. नसलेल्या माणसाच्या नावानं कुंकू लावायचा तिला वीट आला होता.

बारा वर्षं उलटली तरी सासरे कोंडाजी पुतळ्याचं नाव काढू देत नव्हते. वाट चुकलेल्या बोटी एका बेटाला लागतात आणि वेळ भरली की सुटतात, हे त्यांचं पालुपद. म्हाताऱ्याला पटेल असं काहीतरी ऐकायला मिळेल, म्हणून तर ती व्याख्यानाला आली होती.

मिळालं ते म्हाताऱ्यावरच उलटणारं. जन्मभर खलाशी राहून उतारवयात मुकादम झालेल्या कोंडाजींनीच त्या बोटीवर माल भरून घेतला होता. ढीग अवकाळी पावसानं आधीच भिजलेला. वर त्यांनी दिवसभर घागरी ओतवल्या, कारण दौलतची छाती नाजूक, धूळ उडायला नको. ही हकिगत ते अजून कौतुकानं सांगत. बापाच्या मायेला कोण नावं ठेवणार?

परतताना सोपानराव खुशीत होते. साहेबांचं सगळं बोलणं सासऱ्यांना सांगा, म्हणाले. त्या घागरींचं त्यांना काय ठाऊक! शालनबाईचं मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं होतं. मग चाळ जवळ आली तेव्हा तिला एक खोटं सुचलं. त्यात दौलत मेलेला होता आणि म्हातारा निर्दोष होता. एका दगडात दोन पक्षी.

कोंडाजी दारात सुंभ वळत बसले होते.

"सायबान काय सांगल्यान?"

"खडकार आपाटतत म्हणे बोटी," ती चपला काढत म्हणाली. "आपली पण तशीच गेली आसतली."

सासऱ्यांचे हात थांबले.

"थंय खडक नाय गो. त्या वाटेर मी जल्मभर गेलंय."

तिनं मान वर केली नाही. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती, आणि आज का बोलली हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. बोट कशानं गेली, ते बहुधा त्यांना फार दिवसांपासून कळलेलंच होतं.

"घागरींच्या पाण्यान झाला, मां?"

ती काढलेल्या चपला भिंतीशी सरळ लावत राहिली.

कोंडाजींनी सुंभ बाजूला ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"सोपानाक सांग," ते म्हणाले, "पळसाची पाना आनि भटाक घेवन ये म्हणान."

सोपानरावांचं नाव त्यांनी या घरात आजवर उच्चारलं नव्हतं. शालनबाईला हवं ते मिळालं होतं, आणि सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहायची तिची छाती होईना.