डब्यातला हशा

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. मित्रांनो, दोन थोर राष्ट्रांना एकाच विनोदावर हसवण्यासाठी माझा जन्म झाला. माझ्यासोबत आलेल्या छापील पत्रकात तसे स्पष्ट म्हटले होते. त्या पत्रकात पुढे आचारी लियाकतने सुरमई गुंडाळली.

माझी घडण इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाली. १९६५ साली मी जहाजाने बर दुबईच्या धक्क्यावर उतरलो. तिथून ट्रकने दोन दिवस वाळू खात, अबू धाबीच्या पश्चिमेला, तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या छावणीत पोहोचलो. छावणीचे मॅनेजरसाहेब इंग्रज होते. विहिरी खोदणारे अमेरिकन होते. उरलेली सगळी कामे आपले लोक करत, आणि त्यांना हसवण्याची कुणी तरतूद केली नव्हती.

माझ्याबरोबर एक पेटी आली. तीत लंडनच्या टेलिव्हिजनवर गाजलेल्या एका विनोदी मालिकेचे सहा डबे होते. एक खाष्ट घरमालकीण, एक दमलेला भाडेकरू आणि चहा. दर गुरुवारी संध्याकाळी एक रीळ दाखवावे, म्हणजे अमेरिकनांना घरच्यासारखे वाटेल, असा साहेबांचा विचार. कुणाच्या घरासारखे, हे विचारायचे राहून गेले.

मला चालवायला खैरुद्दीन होता, दाभोळचा. तरुणपणी त्याने कोकणात गावोगाव फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमाचे मशीन चालवले होते. नंतर बारा वर्षे इंग्रजी जहाजावर खलाशी. इंग्रजांची बोली त्याला कानाने पाठ होती. वाचता मात्र येत नव्हते. छावणीत तो आधी विहिरीवर लागला आणि उजव्या हाताची दोन बोटे तिथल्या साखळीत गेली. उरलेल्या तीन बोटांनी फिल्म ओवता येई, जड काम होत नसे. मी चाललो तरच तो राहणार होता. हे त्याला ठाऊक होते, आणि मलाही.

त्या रिळांत लंडनच्या प्रेक्षकांचा हशाही भरून आला होता. पहिल्या गुरुवारी भाडेकरू काहीतरी पुटपुटला आणि माझ्या स्पीकरमधून दोनशे माणसे हसली. खोलीतले चाळीस अमेरिकन मागे वळून पाहू लागले, कोण आले म्हणून. पुढच्या रांगेत एकटे साहेब खांदे हलवत होते.

बक नावाचा धिप्पाड ड्रिलर उठून माझ्याजवळ आला. "खैरू, तो काय म्हणाला?"

"नॅकर्ड म्हणाला, साहेब. म्हणजे दमला. म्हातारा घोडा कापायला नेतात ना, तितका दमला."

बकने माझ्या स्पीकरकडे बोट दाखवले. "आणि त्यावर लोक हसतायत?"

"इंग्लिश लोक आहेत. त्यांना सवय आहे."

तर मित्रांनो, इंग्रजांचे इंग्रजी अमेरिकनांना दाभोळचा माणूस समजावून सांगू लागला. तो जितके नीट समजावी तितकी खोली उदास होई. पाचव्या गुरुवारी नऊ जण उरले. त्यांतला एक झोपला होता.

साहेबांनी खैरुद्दीनला बोलावले. परत आला तो थेट लियाकतकडे गेला. लियाकत मेसचा आचारी, श्रीवर्धनचा.

"साहेब बोलले, पुढच्या गुरुवारी हॉल रिकामा दिसला तर इथे सिमेंट ठेवू. मार्चच्या परतीच्या बोटीचा विचार करायला तुला हरकत नाही."

"विचारच करायला सांगितलाय ना? काढलं तर नाही."

"तुला इंग्रज कळत नाही. यांची हरकत नाही म्हणजे खलास."

लियाकत कांदा चिरत राहिला. मग म्हणाला, "मी शेंगदाणे तळतो, खैरूभाई. फुकट म्हटलं की तुझे अमेरिकन येतात का नाही बघ."

आले. सहाव्या गुरुवारी हॉल भरला. बिअरच्या बाटल्या, शेंगदाणे, सगळे जमून आले. रीळ अर्धे झाले असेल, इतक्यात कुणीतरी पडद्यावर शेंगदाणे फेकले. मग बाटल्यांची बुचे. मग पाय आपटणे सुरू झाले.

खैरुद्दीनचे डोळे भरून आले. तंबूत त्याने हे पाहिले होते. लोक पडद्यावर नाणी उधळत, पाय आपटत, आणि ऑपरेटर तोच भाग पुन्हा दाखवी. तसा रिवाजच होता. त्याने मला थांबवले, तीन बोटांनी भराभर रीळ मागे घेतले आणि पहिल्यापासून लावले.

 मग बूट आला. पडद्याला भोक पडले.

लियाकत धावत आला. "बंद कर, बाबा. खूश नाहीत ते."

"तू गप. दापोलीत सुद्धा कुणी बूट फेकला नव्हता. एवढी कदर मी कधी पाहिली नाही."

त्याने तिसऱ्यांदा लावले.

तेव्हा साहेब उठले आणि पडद्यासमोर उभे राहिले. घरमालकिणीचा चेहरा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर, पोटाशी, बोलत होता. ते हळू आवाजात म्हणाले, "मंडळी, हे जरासं अति होतंय, असं नाही वाटत?"

"काय म्हणतायत?" बकने विचारले.

"फार म्हणजे फार संतापलेत," खैरुद्दीन म्हणाला.

आणि मित्रांनो, सारे अमेरिकन हसले. पोट धरून, डोळे पुसत हसले. त्या छावणीत मी ऐकलेला हा एकमेव खरा हशा. तो माझ्या रिळातला नव्हता.

सकाळी साहेब खैरुद्दीनला शांतपणे एवढेच म्हणाले, "कालचं अगदीच आदर्श झालं, असं म्हणता येणार नाही." शेजारी उभ्या असलेल्या बकने नंतर त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघ, काही बोलला नाही. वाचलास."

खैरुद्दीनने ट्रंक भरायला घेतली. जाताना त्याने आपली लुंगी माझ्यावर पांघरली. मार्चच्या बोटीने तो गेला. पुढे त्याचे काय झाले, मला कुणी सांगितले नाही.

लुंगी पहिल्याच वादळात उडाली. तेव्हापासून मी सिमेंटच्या पोत्यांमागे आहे. मित्रांनो, यंत्रावर कापड घालत जा. सिमेंट भिंगावर एकदा बसले की निघत नाही. आणि यंत्र चालवणाऱ्याच्या हाताकडेही एकदा बघत जा.

रिकामे डबे लियाकतने मसाल्यांसाठी नेले. तो इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेला. हळद भरताना त्याने डब्यावर चिकटवलेली एक चिठ्ठी वाचली, मग सगळ्या वाचल्या. मालिकेचा प्रत्येक खेळ दोन रिळांचा होता. सहाही डब्यांवर लिहिले आहे : भाग दुसरा.