वार्निश मारलेली पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. मित्रांनो, दिवाणखान्यात सोफ्याच्या वर, पार छताजवळ मला टांगलेलं असतं. माझ्यावर सोनेरी रंगात एकच अरबी शब्द आहे, 'इक्रा'. म्हणजे 'वाच'. आणि इतक्या उंचावरचा तो शब्द कुणालाच वाचता येत नाही. तुम्हाला हसू येईल. माझा संताप होतो.

सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केलं ते उस्तादबींसाठी. गल्लीतल्या बायकामुलींना त्या कुराण वाचायला शिकवत. माझ्यावर पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा, वाळला की बोरूने धडा लिहायचा, पाठ झाला की मला धुवायचं. ते पाणी गटारात नाही, कुंडीतल्या झाडाला. मग पुढचीची पाळी.

"कुराणाची एक आयत, एक ओळ येत असली तरी ती दुसऱ्याला द्या, असं पैगंबरांनी सांगून ठेवलंय," त्या म्हणत. "इल्म, शिकलेली विद्या, म्हणजे काय ठेवणीतला कपडा आहे, पेटीत घालून ठेवायला?"

त्यांचा मुलगा पहिलं अक्षर माझ्यावरच शिकला. पुढे मोठ्या मदरशातून विद्वान होऊन आला आणि त्याने माझ्यावर तो सोनेरी शब्द काढून, वार्निश मारून मला भिंतीवर चढवलं. "आईची आठवण," असं पाहुण्यांना सांगतो. अरे, आई जिवंत आहे! आतल्या खोलीत बसली आहे!

आज इस्त्रीवाली कपडे घेऊन आली. दारातच घुटमळली.

"मौलवीसाहेब, मला कुराणातली ती पहिली अल्हम्दू शिकवाल? नमाजात इतकी वर्षं नुसते ओठ हलवते हो. अल्लाला काय तोंड दाखवू?"

"बाई, हे असं उभ्या उभ्या होत नसतं. आधी उच्चार शुद्ध हवेत. या वयात ते जमायचं नाही. दुआ करत राहा."

ती मान खाली घालून वळली. तेवढ्यात आतून काठी आपटली.

"कोण रे तो शुद्ध उच्चारवाला? तू 'काफ' अक्षर म्हणायला लागलास की थुंकीने माझी ओढणी भिजायची! हाकललं होतं का मी तुला? विचारलेलं माहीत असून लपवलं, तर कयामतीच्या दिवशी तोंडाला आगीचा लगाम पडतो. मदरशात सांगितलं नाही वाटतं!"

"अम्मी, हळू..."

"काढ ती पाटी."

त्याने काढली. काठी टेकत बाहेर आलेल्या उस्तादबींनी इस्त्रीवालीला जवळ बसवून माझ्यावर बोरू टेकवला. शाई वार्निशवरून ओघळून गेली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. जन्मले शिकवायला, आणि अलिफ हे पहिलं अक्षरही अंगावर टिकेना!

उस्तादबींनी मला बाजूला सारलं. बोट पाण्यात बुडवून टेबलाच्या काचेवर उभी रेघ ओढली.

"हे अलिफ. म्हण."

"अलिफ," इस्त्रीवाली म्हणाली. तोवर रेघ वाळलीसुद्धा.

"गेलं? जाऊ दे. आता तू काढ."

मी भिंतीला टेकून उभी आहे. मुलगा मला पुन्हा टांगायला हातोडी शोधतो आहे. मित्रांनो, कुणीतरी त्याच्या हातात पॉलिशपेपर द्या रे! माझं सोनं खरवडा, त्याचा भुसा कुंडीत टाका, मला माती फासा. उद्या ती परत येणार आहे, आणि मला कोरं व्हायचं आहे.