बाल्कनीत न रडणारी बाई

प्रमिलाला कादंबरी आवडली नव्हती, आणि न आवडलेलं गिळून बसणं तिला कधी जमलं नव्हतं. पंचाईत एवढीच, की कादंबरी शोभनाताईंच्या भावाची होती.

दुबईच्या अल नहदा भागातला त्यांचा वाचनकट्टा म्हणजे सात बायका आणि पुस्तकाची एक प्रत. भारतातून येणाऱ्या बॅगेत भाजणी, गोडा मसाला, लोणचं कोंबून झालं की एकाच पुस्तकापुरती जागा उरते, म्हणून ती प्रत घरोघर फिरायची. सगळ्यांसमोर मत सांगितल्याशिवाय ती पुढे द्यायची नाही, हा नियम शोभनाताईंचाच. प्रमिलाने त्याचा आजवर मनमुराद फायदा घेतला होता. मागच्या कादंबरीतली नायिका नवऱ्याला अक्कल यावी म्हणून मरते. "त्यालाच मारायचं ना, काम लवकर झालं असतं," ती म्हणाली होती. त्याआधीच्या खुनाच्या कादंबरीला बाकीच्यांनी नाकं मुरडली, तर हिने ती दोनदा वाचली आणि तसं छाती ठोकून सांगितलं. घरी नवरा पेपरही उघडत नाही, लेक इरा मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. पुस्तकांवरून भांडायला तिला शोभनाताईंचा हा एकच दिवाणखाना होता.

शनिवारी सकाळी ताईंचा फोन आला. "आज हेमचंद्र व्हिडिओ कॉलवर असणार आहे. पहिलीच कादंबरी आहे गं त्याची. जरा ॲडजस्ट करून बोल. जमणार नसेल तर येऊ नकोस, आज काय आणि पुढे काय."

प्रमिलाला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. ती गेली.

टीव्हीच्या पडद्यावर हेमचंद्र पुण्याहून हसत होते. त्यांची नायिका दुबईतल्या बाल्कनीत उभी राहून दोनशे पानं माहेरासाठी झुरते आणि शेवटी परत जाते. "माझीच स्टोरी," वैभवी म्हणाली. "अगदी, अगदी," आभाने डोळे टिपले. शेवटी प्रमिलाची पाळी आली.

"भाषा सुंदर आहे," ती म्हणाली. ताईंचा जीव भांड्यात पडला. "पण ही बाई खोटी आहे."

"म्हणजे?" हेमचंद्रांनी विचारलं.

"माझ्या बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे, उभं राहायलाच जागा नाही. पण ते सोडा. तुमची बाई इथे एकदाही खूश होत नाही. मी होते. सहाव्या टेस्टला लायसन्स मिळालं, तेव्हा एकटी गाडी काढून फुजैराला गेले. समुद्रावर बसून इथला कडक, दुधाळ करक चहा प्यायले. सासरी कोपऱ्यावर निघाले तरी चार जण विचारतात, कुठे चाललीस. मला इथे आवडतं. मला परत जायचं नाहीये. अशी बाई लिहायला तुम्ही घाबरलात, हे माझं मत."

गावाची आठवण काढून उसासा टाकायचा ही इथली रीत, आणि ती मोडणारी बाई कृतघ्न ठरते. वैभवी ओढणीशी चाळा करत राहिली.

"अहो, पण मी हे मनाने रचलेलं नाही," हेमचंद्र गोंधळून म्हणाले. "ताई फोनवर दर वेळी रडते. तिचंच लिहिलंय मी."

शोभनाताईंनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"मग काय सांगू त्याला?" त्या प्रमिलावर उसळल्या. "आई-बाबांचं सगळं तो एकटा बघतो. रात्री-अपरात्री हॉस्पिटलला तो पळतो. मी इथे मजेत आहे, म्हणून सांगू?"

"हो," प्रमिला म्हणाली. "तेच सांगा."

"पुढच्या वेळी येऊ नकोस." ताईंचा आवाज फाटला होता.

प्रमिलाने प्रत त्यांच्या हातात ठेवली आणि चपला घातल्या. "येणार. दार उघडलं नाहीत, तर बाहेरून मत सांगेन. आणि त्याला लवकर खरं सांगा, ताई. नाहीतर तो तुमच्या रडण्यावर दुसरी कादंबरी लिहायला बसेल."