वेंडेलिनबाबांचं अडकणारं प्रवचन

"एक प्रवचन धड पुरं करू देत नाहीत हे लोक. मी जरा श्वास घ्यायला थांबलो, की लागले गायला."

कुंपणापलीकडे आमचे पाळक वेंडेलिनबाबा बायकोपाशी कुरकुरत होते. वालपुर्गाबाई कोबी चिरत राहिल्या. इकडे मीही खाली मान घालून सलगम उपटत राहिले.

मुलांनो, तुम्हाला बाबा म्हणजे पांढरी दाढी नि खिशातल्या सुक्या नासपतीच्या फोडी, एवढंच ठाऊक. तरुणपणी ते मठात संन्यासी होते. तेव्हा चर्चमध्ये सगळं लॅटिनमध्ये चाले. माझी आई जन्मभर गुडघे टेकत आली. कळायचं म्हणाल तर एक 'आमेन'. बाबांना ते सलायचं. देवाशी बोलायचं, नि काय बोललो ते आपल्यालाच कळायचं नाही? असं उघड विचारलं म्हणून मठानं त्यांना हाकललं. वर पकडायला माणसं मागावर, म्हणून आमच्या गावात ते बिअरच्या रिकाम्या पिंपांमध्ये लपून आले. वास असा, की माझ्या सासूनं आधी आंघोळीला पाणी दिलं, नाव मग विचारलं.

त्यांनी आम्हाला आपल्या बोलीत गीतं शिकवली. पोरींनाही वाचायला बसवलं. बायकांचा मठ सोडून आलेल्या वालपुर्गाबाईंशी लग्न केलं, तेव्हा गाव म्हणालं, "संन्याशाला कोबी शिजवता येईना, दुसरं काय." आज त्यांच्यामुळे मी आजारी माणसाच्या उशाशी बसून बायबल वाचू शकते. हे ऋण कशानं फिटायचं?

पण म्हातारपणी बाबा बोलता बोलता अडकायचे. नजर रिकामी व्हायची. मग कुणीतरी गीत धरायचं, आम्ही साथ द्यायचो, नि कडवं संपेतो बाबांना धागा सापडायचा. असं करायचं कुणी ठरवलं नव्हतं. त्याबद्दल घरातसुद्धा कुणी बोलत नसे.

अशात आमच्या मुलखाच्या ड्यूकचे तपासनीस गावोगावची चर्चं तपासत आले. ज्याला प्रवचन जमत नाही त्या पाळकाला काढायचं, घरही रिकामं करून घ्यायचं, असा हुकूम होता. रविवारी बाबा उभे राहिले, छान बोलले, आणि अडकले. गांगोल्फ गिरणीवाल्यानं लगेच सूर लावला. अख्खं चर्च गायला लागलं.

तपासनीस उठले. "प्रवचनात गाणं? ही कुठली शिस्त?"

"आमच्या गावची रीत आहे, साहेब," गांगोल्फ म्हणाला.

"अशी काही रीत नाही," बाबा म्हणाले. खोटं त्यांना कधी जमलंच नाही. "पण यांच्यावर रागावू नका. माणसं गुणी आहेत. मधेच का गातात, ते मात्र मला खरंच कळत नाही."

"उद्धट मंडळी," तपासनीस शेजारच्या कारकुनाला म्हणाले. "लिहून घ्या."

आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. पुढच्या बाकावरून वालपुर्गाबाई उठल्या. तपासनिसांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही विसरता. तुम्हाला आठवेपर्यंत ते गातात."